लाईट लावून भुतांचे पिक्चर

आमच्या घरात भूत कोणीच मानत नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी आहेत आणि टीव्ही बरोबर त्यांच्याखाली, कारण प्लगचा बोर्ड तिथेच आहे. दर रविवारी दुपारी त्या दोघांच्या पायाशी पांढऱ्या साडीतली कोणीतरी बाई किंचाळत असायची. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "बाबासाहेबांच्या फोटोखाली हे चाळे शोभतात का?" बाबांचं उत्तर ठरलेलं, "मानत नाही म्हणून तर बघतो ना. मानणारा बघेल तर मरेल."

हा टोमणा वासुदेवकाकांना असायचा. काका बाबांच्याच कापडमिलच्या टाइम ऑफिसात हजेरीचे कारकून होते. मिल बंद झाली तसे तेही घरी बसले. त्यांच्या भाच्याची इथे इंदूरलाच, पाटनीपुऱ्यात, व्हिडिओ लायब्ररी होती. घरोघर केबल आली आणि लायब्ररीची गतही मिलसारखीच झाली. चांगल्या कॅसेट लोकांनी नेल्या त्या परत आणल्याच नाहीत, आणि भुतांच्या कोणी विचारीना. त्या काका पिशवीत घालून आमच्याकडे आणायचे, सोबत कॅसेट लावायला भाच्याचा जुना व्हीसीपी. आणि स्वतः मात्र भूत दिसायच्या आत तोंडावर गमछा ओढून घ्यायचे. "झालं का? गेली का ती?" असं आतून विचारायचे. असा प्रेक्षक मी दुसरा बघितला नाही.

पिक्चरची खरी नावं आमच्या लक्षात राहत नसत. विहिरीवाला, बाहुलीवाला, हिंदीत डब केलेला दातवाला, अशी आमची नावं. बघून झालं की चहा, आणि चहाबरोबर प्रत्येकाचं मत. आईला भुतापेक्षा हवेलीचा राग यायचा. "एवढं मोठं घर, चार चार नोकर, आणि जाळ्या बघा! झाडू मारायला काय होतं यांना?" माझा भाऊ संघदीप इंदुरी झोकात म्हणायचा, "अरे भिया, ते खून नाही, रंगाचं पाणी आहे, साफ दिसून राहिलंय." माझं मत असं की बाई मेल्याशिवाय त्या घरात तिला कोणी विचारतच नाही, जिवंतपणी स्वयंपाकघरात, मेल्यावर मात्र सगळे टॉर्च घेऊन मागे. हे बोलले की आई माझ्याकडे बघायची आणि विषय बदलायची.

बाबांचं मत मात्र कोणाशी जुळायचं नाही. त्यांच्या मते ज्यात अंधार जास्त तो पिक्चर चांगला. एक आला होता जंगलात पिकनिकला गेलेल्या पोरापोरींचा. आम्हा सगळ्यांना घाम फुटला, काका तर गमछ्यातून बाहेरच आले नाहीत. बाबा म्हणाले, "एकदम बकवास. पूरा पिक्चर उन्हात आहे." आणि सगळ्यांत आवडता कंदीलवाला. त्यात एक बाई कंदील घेऊन हवेलीभर फिरते, तो सारखा विझतो, आणि मग बराच वेळ पडदा काळाच्या काळा. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. बाबा काकांना सांगून तो पुन्हा पुन्हा मागवायचे.

आणखी एक म्हणजे त्यांना ट्यूबलाईट चालू लागायची. भुताचा पिक्चर आणि लाईट लावून! खिडकीला पडदा नाही, दार अर्धं उघडं, वर ट्यूबलाईट, आणि बाबा टीव्हीला जवळजवळ नाक लावून स्टुलावर. मी बटणाकडे हात नेला की ओरडायचे, "राहू दे!" आम्ही चिडवायचो, की मिलमध्ये एवढ्या पाळ्या केलेला माणूस पांढऱ्या साडीला घाबरतो. बाबा हसायचे. ते नाही म्हणाले नाहीत कधी.

त्यांची जागा टीव्हीजवळ असायची कारण त्यांना ऐकू येत नाही. सांचाखात्याने कान खाल्ले. सांचा म्हणजे माग, कापड विणायचं यंत्र. एका शेडमध्ये शेकड्यांनी सांचे धडधडतात तिथे आवाजाचा उपयोग नसतो. तिथली माणसं ओठांनी बोलतात. तोंड मोठं करून, आवाज न काढता, आणि समोरचा ओठ बघून समजतो. लांबच्याला बोलवायचं तर डोक्यावर हात उचलून हलवायचा. बाबा हीच बोली घरी घेऊन आले आणि आम्ही सगळेच ती शिकलो. आई तर लग्नाच्या मांडवात या टोकाहून त्या टोकाच्या नणंदेची उणीदुणी काढायची आणि मधल्या एकाही माणसाला पत्ता लागायचा नाही. संघदीप आठवडाभर कोणाच्या तरी जागी बदलीवर मिलमध्ये गेला होता, तेव्हा तिथले लोक म्हणाले, "हा तर शिकून आलाय."

सांचाखातं आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. माझे आजोबा महूला पलटणीत होते. तिथून सुटल्यावर मिलमध्ये लागले, पण त्यांना सांचाखात्याच्या दारातून आत पाऊल टाकू दिलं नाही. धोटा म्हणजे सांच्यावर इकडून तिकडे पळणारी धाग्याची नळी, तिच्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागतो. आमच्या तोंडचा धोटा दुसरे कसे तोंडाला लावणार? आजोबा सबंध उमर कापसाच्या धुळीत राहिले. बाबा मात्र आत गेले. पहिल्या दिवशी त्यांच्या बाजूच्या माणसाने धोटा धोतराला पुसून मग तोंडाला लावला, हे बाबा हसत हसत सांगायचे. मला कधी हसू आलं नाही. पण पुढे तोच माणूस बाबांच्या डब्यातली भाकरी खाऊ लागला, आणि खिडकीलगतची सांच्यांची एक लाईन बाबांच्या नावाने 'दगडूची लाईन' म्हणून ओळखली जाऊ लागली. आमच्या घरात सोनं नव्हतं. ती लाईन होती.

मग मिल बंद झाली. आधी म्हणाले थोड्या दिवसांसाठी, मग म्हणाले कोर्टात आहे. तिकडे पलासियाला नवीन नवीन ऑफिसं, बँका, काचेची दुकानं उघडत होती, मीही तिथेच एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये बसायला लागले होते, आणि इकडे आमच्या परदेशीपुऱ्यात सकाळचा भोंगा बंद झाल्यावर लोकांना उठावं कशाला तेच कळेना. बाबा रोज गेटवर धरण्याला बसायचे. मशीन शाबूत आहेत तोवर मिल उघडणार, कोणीतरी घेणार, असं त्यांचं म्हणणं. एक दिवस गेटमधून कापसाच्या खात्यातली, आजोबांच्या खात्यातली, यंत्रं ट्रकवर निघाली आणि बाबा तिथेच छाती धरून बसले.

दवाखान्यातून आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, यांना धक्का बसेल असं काही सांगू नका. डॉक्टर एक वाक्य बोलून गेले आणि आईने त्याचा कायदा केला. सांचेही निघायला लागले होते, पण बाबांना सांगायचं ते एकच: सांचे जागेवर आहेत. सांचाखात्याला कुलूप आहे. कोर्टाची तारीख पुढे गेली. घरी येईल त्याला आई दारातच दम द्यायची. काकाही तेच बोलायला लागले. बाबा बाहेर जात नव्हते, ऐकू येत नव्हतं, पेपर आई आधी चाळून द्यायची. एका माणसाला घरात बसवून त्याच्याभोवती खोटी मिल उभी करणं फारसं कठीण नसतं, हे मला तेव्हा कळलं.

मला हे पटत नव्हतं. आईशी माझी दोनदा कडाक्याची भांडणं झाली. "त्यांना कळेल तेव्हा काय करशील?" मी विचारलं. ती म्हणाली, "कळायला जिवंत तर राहतील." 

पण सगळ्यांत वाईट ते पुढेच होतं. संघदीपला कुठे काम मिळेना. पिथमपूरला कारखान्यांच्या गेटवर चकरा मारून त्याच्या चपला झिजल्या. शेवटी काम मिळालं ते भंगारवाल्याकडे, आमच्याच मिलमध्ये, सांचे तोडायचं. सुताचे जड रूळ, म्हणजे बीम, उतरवायचे, ओतीव लोखंड घणाने फोडायचं, रॉड गॅसने कापायचे. बाबांना सांगितलं की पिथमपूरला वेल्डिंगचं काम लागलंय. हाताला भाजल्याचे डाग त्यात खपून गेले. वस्तीत सांगितलं तेही पिथमपूरच, कारण सांचे तोडणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मागच्या रस्त्याने, तोंडाला कापड बांधून आत जायचा. हे घरात फक्त आईला आणि मला माहीत होतं. मशीन निघतायत हे काकांना माहीत होतं. कोण तोडतंय ते नव्हतं.

संघदीपला सुट्टी रविवारची. आणि बाबा एका खोलीच्या घरात दिवसभर समोर. मग आई आणि तो बोलणार कधी? तर पिक्चरच्या वेळी. बाबांची पाठ, मागे पलंगावर हे दोघे, आणि बोलणं सगळं ओठांनी. आवाज केला तर काका ऐकतील, शेजारी ऐकतील. ओठांनी बोललं तर कोण बघणार? बाबांना दिसलं असतं, पण त्यांची तर पाठ होती. यापेक्षा सुरक्षित जागा पूर्ण इंदूरमध्ये नाही, असं त्यांना वाटायचं. आठवड्याचं सगळं तेव्हाच व्हायचं. किती रांगा पडल्या, कोणाला लागलं, मुकादम काय म्हणाला. मी पलंगाच्या कडेला बसून बघत असायची आणि समोर पडद्यावर कोणीतरी मरत असायचं.

त्या रविवारी पुन्हा कंदीलवाला होता. कॅसेट घासून घासून संपत आली होती. चित्र थरथरत होतं, वर पांढऱ्या रेघा. व्हीसीपीचं एक बटण सारखं फिरवत राहिलं तरच जमत होतं. म्हणून मी पलंगावरून उठून खाली, बाबांच्या स्टुलाशेजारी बसले, हात बटणावर. मी तिथे कधीच बसले नव्हते.

हवेली आली, जाळ्या आल्या. आई सवयीने म्हणाली, "झाडू मारा रे कोणीतरी." बाई कंदील घेऊन निघाली. काकांचा गमछा वर गेला. कंदील विझला.

पडदा काळा झाला आणि त्या फुगीर काचेत मला आमची खोली दिसली. लहान, थोडी वाकडी, पण सगळी. वर ट्यूबलाईट. पलंग. पलंगावर आई आणि संघदीप, एकमेकांकडे तोंड करून. आणि त्यांचे ओठ.

आई विचारत होती, "पायाला काय झालं?"

"मला नाही. बाजूच्या पोराच्या पायावर लोखंड आलं. दवाखान्यात आहे."

कंदील पेटला, खोली गेली, हवेली आली. माझा हात बटणावर तसाच राहिला. मी मान वर करून बाबांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते, पण बाईकडे नाही. पडदा पुन्हा काळा व्हायची वाट बघणाऱ्या माणसासारखे बसले होते.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडत गेली. लाईट चालू. उन्हातला पिक्चर बकवास. पिक्चर संपल्यावर शेवट विचारला की बाबा चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "ठीकच होता." कधीचंच त्यांनी कोर्टाची तारीख विचारणं सोडलं होतं, आणि आई म्हणाली होती की बघ, मन रमलं त्यांचं. रोज सकाळी संघदीप निघताना ते म्हणायचे, "पायात बूट घालून जा." वेल्डिंगवाल्याला कोणी डोळे सांभाळ म्हणेल, पायाचं कशाला, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. त्यांना सगळं माहीत होतं. एकेक रांग पडलेली माहीत होती. आम्ही त्यांच्याभोवती खोटी मिल उभी केली होती आणि ते आमच्यासाठी तीत राहत होते. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कोणाचा ते कळेना.

कंदील पुन्हा विझला.

काचेत संघदीप म्हणत होता, "उद्या खिडकीकडची लाईन आहे. बाबांची. मी नाही जाणार. मुकादमला सांगतो, दुसऱ्याला दे."

"मुकादम काढून टाकेल तुला. जा. डोळे मिटून कर आणि ये."

"कसं करू, आई? त्या सांच्याला मी घण कसा मारू?"

त्याचं तोंड वाकडं झालं होतं. काचेत ते आणखीच वाकडं दिसत होतं. लहानपणी पडून आला की असंच करायचा, आवाज न काढता. आई पदराने त्याचं तोंड पुसू लागली.

बाबांनी तेव्हा हात उचलला. डोक्यावर नेला आणि हलवला, सांचाखात्यात लांबच्या माणसाला बोलवतात तसा. पाठ तशीच, तोंड पडद्याकडे. आईचा हात थांबला. संघदीपने वर बघितलं. ते दोघे बाबांना काचेत दिसत होते, तसे बाबाही त्यांना कधीही दिसले असते. पण इतक्या रविवारी कोणी बघितलंच नव्हतं. आत्ता बघितलं.

बाबांचे ओठ मोठे झाले. आवाज नाही. शेवटच्या सांच्यावरच्या माणसाला कळावं इतकं स्वच्छ ते बोलले.

"दुसऱ्याला देऊ नको. तूच तोड."

 गमछ्यातून काका म्हणाले, "गेली का?" 

"आधी मागचा बीम उतरव," बाबांचे ओठ म्हणाले, "मग बाजू फोड. बाजू आधी फोडली की बीम पायावर येतो. त्या पोराचं तेच झालं. आणि एकटा उचलू नको."

संघदीप काचेत बघतच राहिला. मग त्याने मान हलवली, हो म्हणून. त्याचे ओठ हलले, पण त्याला काय म्हणायचं होतं ते मला समजलं नाही. बहुतेक त्यालाही माहीत नव्हतं. बाबा मोठ्याने बोलू शकले असते. पण बहिऱ्या माणसाचं मोठ्याने म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जातं, आणि मग वस्तीत संघदीपला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ज्या बोलीत आम्ही त्यांच्यापासून लपवलं, त्याच बोलीत त्यांनी आमचं झाकून घेतलं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. आमच्यात पाय धरत नाहीत. मी बटण धरून बसले.

आईचं मात्र वेगळंच. ती आवाज करूनच बोलली, "तुमच्या छातीत दुखत तर नाही ना?"

बाबांनी ऐकलं नाही, पण काचेत बघितलं. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि मान हलवून नाही म्हणाले. तो हात खाली आला. तो मी माझ्या हातात घेतला. बोटं अजून कडक होती, धागा जोडणाऱ्याची.

पडद्यावर कंदील पेटला.

"मैत्री," बाबा त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "लाईट बंद कर. दार पण लोट. आता जरा पिक्चर बघू दे."

मी उठले. ट्यूबलाईटचं बटण दाबलं, दार लोटलं, खिडकीवर आईची चादर टाकली. खोलीत अंधार झाला. काकांनी घाबरून विचारलं, "अरे, लाईट गेली का?" मागून पलंगावरून संघदीपच्या रडण्याचा आवाज आला, खरा, आवाज असलेला, आणि बाबांना तो ऐकू येणार नाही हे बरंच होतं. मी परत येऊन त्यांच्या स्टुलाशी बसले.

बाई कंदील घेऊन आरशासमोर गेली. आरशात कोणीच नव्हतं. हे आम्ही इतक्यांदा बघितलं होतं की काकांनाही गमछ्याच्या आतून पाठ झालं होतं. बाबा एकदम दचकले. त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, ही तर पहिल्यापासून मेलेलीच होती की!"